फोटोतला नवरदेव

एर्सिलियाने सुटकेसमधले काळे सपाट बूट काढून पलंगावर टाकले आणि त्यांच्या जागी उंच टाचांचे तपकिरी बूट बसवले.

"आई, तिकडे गल्ल्यांना दगडी फरशी आहे. टाचा घालून पडशील कुठेतरी," नेलिदा म्हणाली.

"त्याच दगडांवर मी लहानाची मोठी झालेय. आता तू शिकव मला चालायला."

शेजारची चोला मॅते चहाची नळी तोंडात धरून हे सगळं मजेत बघत होती.

"नेली, तुझी आई सासरी निघालीय की स्वतःच्या लग्नाला? केस काय रंगवले, टाचा काय! सासरी कुणी एवढं नटून जातं का गं?"

"तुझं आपलं काहीतरीच," एर्सिलिया म्हणाली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाचा ऑगस्टमधला हिवाळी वारा खिडक्या खडखडवत होता. तिकडे इटलीत उन्हाळा असणार. तिचा नवरा निकोला जिवंत असेपर्यंत हा प्रवास काही झाला नाही. गावाचा विषय निघाला की तो 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचा आणि आपल्या सलूनमध्ये जाऊन वस्तऱ्यांना धार लावत बसायचा. तो गेल्यावर नेलिदानेच तिकिटं काढली. आईच्या माहेरी, पोंतेल्लोला एक आठवडा आणि वर डोंगरावरच्या रोक्काव्हेर्देला, बाबांच्या गावाला, दोन दिवस, असा तिचा बेत होता. आईने तो उलटा करायला लावला. माहेरी दोन दिवस पुष्कळ झाले, म्हणाली. ते ऐकून चोलाला भरून आलं होतं. नवरा गेल्यावरही सासरची एवढी ओढ तिने कुणात पाहिली नव्हती.

चोला गेल्यावर एर्सिलियाने कपाटावरचा लग्नाचा फोटो उतरवून एप्रनच्या टोकाने पुसला आणि कपड्यांच्या घडीवर ठेवला. त्या काळी पोरं आधी समुद्रापार येत आणि त्यांची लग्नं मागे गावात, त्यांच्याविनाच लागत. चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी भाऊ नाहीतर काका उभा राही आणि त्याच्या वतीने 'हो' म्हणे. निकोलाच्या जागी त्याचा धाकटा भाऊ दोनातो उभा राहिला होता. फोटो टपालाने आला, बायको बोटीने. निकोलाने आपल्या एका फोटोतलं डोकं कापून दोनातोच्या खांद्यांवर चिकटवलं होतं. असे फोटो गल्लीत घरोघरी होते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. या फोटोचं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी होई. नवरी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून, ओठ जरासे उघडे ठेवून ती नवरदेवाकडे बघत होती. सलूनमधली गिऱ्हाइकं निकोलाला चिडवायची, नशीबवान आहेस लेका! निकोला गिऱ्हाइकाच्या गालांना साबण लावत राही.

तेवढ्यात फोन वाजला. नेलिदा पॅसेजमध्ये गेली. परत आली ती पलंगावर बसलीच नाही.

"कोण होतं?"

"काकांची ग्राझिएला. रोक्काव्हेर्देहून." नेलिदाने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "दोनातोकाका गेले, आई. झोपेतच गेले."

एर्सिलियाने सुटकेसमधून टाचांचे बूट काढले आणि खाली जमिनीवर जोडीने ठेवले.

"मला त्याचं तोंड आठवत नाही गं," ती म्हणाली. "आवाज आठवतो. हात तर रोज बघते, फोटोतला हात त्याचाच आहे. पण तोंड पार गेलं. एकदा बघायचं होतं फक्त. त्याच्याशी बोलायचंसुद्धा नव्हतं."

नेलिदाला बाबांसाठी राग आला आणि आईची कीव आली, दोन्ही एकदमच.

"आई, कधीपासून हे?"

"कधीपासून काय! चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत. खाली आलो आणि तो पुन्हा दीर झाला."

"ग्राझिएलाकडे त्यांचे फोटो असतील. मागवू आपण."

"म्हाताऱ्याचा फोटो घेऊन काय करू? मी त्याला ओळखत नाही."

तरुण दोनातोकाकांचा चेहरा त्या चिकटवलेल्या डोक्याखाली असणार, हे नेलिदाच्या ध्यानात आलं. मग तिने फोटो उचलला, स्वयंपाकघरात जाऊन किटली चढवली आणि चौकटीचे खिळे उपसले. आई दारात उभी होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. वाफेवर धरल्यावर जुनी खळ सैल झाली आणि सुरीच्या टोकाने निकोलाचं डोकं कॉलरपासून अख्खं सुटून आलं.

खाली दोनातो नव्हता. तेवढी जागा पांढरी होईपर्यंत खरवडलेली होती. किती जपून खरवडली होती! कॉलरला, टायच्या गाठीला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"वाफेने गेलं का?" एर्सिलियाने विचारलं.

"नाही, आई. हे वस्तऱ्याचं काम आहे."

एर्सिलिया फोटो खिडकीशी घेऊन गेली. फोटोतली पोरगी त्या पांढऱ्या जागेकडे अजून तशीच बघत होती.

"मी या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा हा डोकं चिकटवूनच भिंतीवर लावलेला होता," ती हळूच म्हणाली. "तुझे बाबा मला न्यायला धक्क्यावर आले होते. टोपी हातात धरून उभे. मला म्हणाले, बोटीवर त्रास नाही ना झाला? माझी पेटी घेतली आणि पुढे चालायला लागले."

एर्सिलियाने कपात चमचाभर पीठ घेतलं, किटलीतलं पाणी ओतून बोटाने कालवलं. निकोलाचं डोकं तिने स्वतःच चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. आधी तो ताठ समोर बघत असे. आता त्याची मान जराशी नवरीकडे कलली होती.

"वाकडं बसलं, आई."

"असू दे," एर्सिलिया म्हणाली. अंगठा तिने काढला नव्हता. "ते काळे बूट भर आत."