आठ फेऱ्या

आईचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली. घशातली गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. तेव्हापासून आई पाटीवर लिहिते आणि लेक ते अर्धवट वाचते. आईने 'खि' लिहिलं की लेक उठलीच खिडकी लावायला. आईला हवा असायचा खिळा. मग आई कपाळाला आठ्या घालून पाटी पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिते.

लेकीला दोष तरी काय द्यायचा, तिची नोकरीच ती. मेमरी कार्डं बनवणाऱ्या कंपनीत ती चुका दुरुस्त करणारा प्रोग्राम लिहिते. कार्डात जे काही साठवतो ते इवल्याशा कप्प्यांत कोंडलेल्या विद्युतभाराच्या रूपात असतं. तो भार हळूहळू झिरपतो आणि मग एका आकड्याच्या जागी भलताच वाचला जातो. तिचा प्रोग्राम बाकीच्या कप्प्यांची साक्ष काढून चुकार कप्पा हुडकतो, दुरुस्त करतो, पुन्हा एक फेरी मारतो. पूर्वी अशा दोनशे फेऱ्या चालायच्या. तिने नियम घातला: आठ फेऱ्यांत चुका कमी होताना दिसल्या नाहीत तर नाद सोडायचा, 'वाचता येत नाही' असं सांगून पुढे व्हायचं. वाचन चौपट वेगाने होऊ लागलं. भर मीटिंगमध्ये साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि हे साहेब स्वतःच्या वाढदिवसालाही हसत नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईने एका छोट्या रेकॉर्डरवर दोन मिनिटं बोलून ठेवलं होतं. लेकीने ते कधी ऐकलं नाही. एकदा ऐकलं की संपलं. न ऐकलेला आवाज अजून शिल्लक आहे, अशी तिने मनाची समजूत घातली होती. रेकॉर्डरमधलं ते कार्ड नऊ वर्षं खणात पडून राहिलं. पडून राहिलेल्या कार्डातला भार झिरपतो, हे नव्या लोकांना शिकवणारी ही बाई! स्वतःच्या बाबतीत मात्र तिने माती खाल्ली.

पूर्वी मायलेकींची रोज जुंपायची. पण ऑपरेशननंतर लेकीने आईशी वाद घालणंच सोडून दिलं. बोलता न येणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? आईने पुढच्या खोलीला भडक पिवळा पडदा लावला, तेव्हाही ती "छान आहे" म्हणाली.

गेल्या आठवड्यात रस्त्यात कुणीतरी "भिंगरे!" अशी हाक मारली आणि ती गर्रकन वळली. हाक दुसऱ्याच एका मुलीला होती. आई तिला लहानपणापासून याच नावाने हाक मारायची. ती तशीच रस्त्यात उभी राहिली. शब्द आठवत होता, पण आईचा आवाज काही केल्या आठवेना. तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ते कार्ड ऑफिसच्या यंत्रात घातलं. पापणी लवायच्या आत पडद्यावर अक्षरं आली: 'वाचता येत नाही.' शब्द तिचेच होते, तिनेच लिहिलेले.

ती उठली आणि आजोबांकडे गेली. आजोबा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ते नात्याने कुणाचेच आजोबा नव्हते, तरी अख्खं ऑफिस त्यांना आजोबाच म्हणायचं.

"याच्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आई आहे," ती म्हणाली.

आजोबांनी कार्ड हातात घेतलं. भिंगाखाली कार्डाचं कवच सोलून त्यांनी आतल्या चिपला केसासारख्या तारा जोडल्या. "सावकाश वाच हं," ते म्हणाले. "घाई तुझ्या रक्तातच आहे."

तिने आठ फेऱ्यांचा नियम स्वतःच्या हाताने काढून टाकला. एकेक तुकडा विजेचा दाब थोडा थोडा बदलून सात वेळा वाचायचा, प्रत्येक कप्पा आपल्या उत्तराबद्दल किती ठाम आहे ते बघायचं आणि मगच फेऱ्या सुरू करायच्या. पाचशे बारा तुकडे होते. चाळीस फेऱ्या, नव्वद, एकशे सत्तर. ती जेवली नाही, हलली नाही. संध्याकाळपर्यंत पाचशे अकरा तुकडे जुळले. एक मात्र हजार फेऱ्यांनंतरही जुळला नाही. तेवढी पाव सेकंद जागा रिकामी ठेवून तिने ते बोलणं फोनवर घेतलं आणि कानाला न लावताच ती घरी निघाली. ऐकायचं ते आईसोबत.

आई पिवळ्या पडद्यापाशी बसली होती. लेकीने फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"भिंगरे, येतोय का गं आवाज? डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोलून ठेवा. आता असं कुणी सांगितलं की काय बोलायचं असतं? फ्रीजमध्ये दूध आहे, ते तापव."

तोच घोगरा, जरा खेकसणारा आवाज. लेकीने तोंडावर हात दाबला. आई स्वतःचाच आवाज मान तिरकी करून ऐकत होती, ओळखीच्या बाईचं नाव आठवत नसावं तशी. दूध, चाव्या, शेजारीण असं करत बोलणं शेवटाला आलं.

"आणि एक सांगते. माझा आवाज गेला तरी तू माझ्याशी..." इथे न जुळलेल्या तुकड्याची रिकामी जागा. "...सोडू नकोस."

लेकीच्या ओठांवर शब्द तयारच होता. बोलणं. बोलणं सोडू नकोस, दुसरं काय असणार? एवढ्यात आईने पाटी ओढली. 'भां' असं लिहून तिने सवयीने लेकीकडे पाहिलं. आता ही मध्येच काहीतरी बोलणार, हे तिला ठाऊकच होतं.

लेक गप्प राहिली. आईने खडू पुन्हा टेकवला आणि लिहिलं: 'भांडणं.'

नऊ वर्षं! लेकीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"आई, हा पडदा भयंकर आहे. आल्यागेल्याला कावीळ झाल्यासारखं वाटतं."

आईचे डोळे चमकले. तिने पाटी खसाखसा पुसली आणि तावातावाने लिहायला घेतलं. एक बाजू भरली, तिने पाटी उलटली. लेक समोर बसून राहिली, आईचं पुरतं लिहून होईपर्यंत.