साडीत शिरलेले आप्पा

शहापुरातल्या विणकरांच्या घरी अमावस्येला माग चालवत नाहीत. त्यालाही एक दिवस पाठ टेकू द्यावी, एवढंच कारण. हे रचनाला ठाऊक होतं, तिच्या आप्पांना तर जन्मापासून. पण गल्लीतल्या राजाबाईंच्या लेकीची हळद उद्यावर आली होती आणि तिची साडी अजून मागावरच होती, रचनाची आई काकतीला माहेरी गेली होती, आणि रागावणारं घरात कुणी नाही म्हटल्यावर आप्पांनी गुपचूप माग सुरू केला.

माग रुसला. त्याने सरळ आप्पांनाच गिळलं.

रचना चहा घेऊन आली तर जागा रिकामी, आणि हिरव्या साडीच्या काठावर, पोपटांच्या रांगेत, बोटाएवढे आप्पा! बनियनसकट. बघता बघता ते चालत कापडाच्या गुंडाळीत दिसेनासे झाले. रचना इतकी घाबरली की चहा सांडला तरी तिला कळलं नाही.

"रडतीस काय गं?" काठावरचा एक पोपट म्हणाला. "सांजंला राजाबाई साडी मागावरनं कापून न्यायला येणार. कात्री लागली की आत असंल त्यो आतच ऱ्हाणार. धोट्यावर बस आणि ये."

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. रचनाने तिच्यावर हात ठेवला मात्र, तीही बोटाएवढी झाली आणि सुर्रकन साडीत शिरली.

वाटेत साडीवर विणलेले मोर आडवे आले. ते कन्नडशिवाय बोलेनात. रचनाने शाळेतलं सगळं कन्नड पणाला लावून वाट मागितली. तिच्या उच्चारांना नावं ठेवत का होईना, मोर बाजूला झाले.

पदरापाशी आप्पा सापडले. ना राक्षस, ना बेड्या. मांडी घालून, गुणगुणत, तुटका धागा जोडत बसले होते.

"आप्पा, चला! राजाबाई कात्री घेऊन येतील!"

"व्हय व्हय. एवढा जोडतो, आलोच."

तो जोडला तर शेजारी दुसरा. आप्पांचं 'आलोच' रचना ओळखून होती. शाळेच्या गॅदरिंगलाही ते असेच 'आलोच' म्हणाले होते आणि तिचा नाच संपल्यावर पोचले होते. तिने हात ओढला, रडून पाहिलं. बाहेर राजाबाईंच्या चपला वाजल्या.

मग रचनाने विणकराच्या लेकीने कधी करू नये ते केलं. एक धागा दोन्ही हातांनी धरला आणि ताडकन तोडला.

"आगं ए! काय केलंस!" आप्पा धावले. ते गाठ मारेपर्यंत तिने पुढचा तोडला. मग त्याच्या पुढचा. पोपटाने डोळे मिटून घेतले. तोडत रचना पुढे, जोडत आणि ओरडत आप्पा मागे, असे मोर ओलांडून दोघे धपकन मागासमोर पडले, पुन्हा पहिल्याएवढे.

दारात राजाबाई उभ्या होत्या. आप्पांनी साडीवरून हात फिरवला. जिकडे तिकडे गाठी.

"सोन्यासारखी साडी! का तोडलंस गं?"

रचना म्हणाली, "हाक मारून तुमी येत न्हाईसा, आप्पा. धागा तुटला की मातर पळत येतासा."

राजाबाई कात्री पिशवीत टाकून पायरीवर बसल्या. मागावर अजून एक धागा तुटून लोंबत होता. आप्पांचा हात तिकडे गेला, आणि अर्ध्यातून मागे आला. त्यांनी रचनाला, ती एवढी मोठी झाली होती तरी, कडेवर उचलून घेतलं.

"त्यो नाच," ते म्हणाले, "परत एकदा दावशील का?"