मनोरा उतरताना

लग्नाला चार महिने झाल्यावर ते चौघं पहिल्यांदाच एकत्र फिरायला निघाले. चौघं म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा तो, चष्म्याच्या दुकानात काम करणारी त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि बायकोची अकरा वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. ती पाच वर्षांची असताना तिचे वडील गेले. पुढची वर्षं मायलेकींनी एकमेकींच्या आधारानं काढली. घरात दोघींचंच राज्य होतं. रविवारी उशिरा उठायचं, जेवताना पुस्तक वाचायचं, भांडण झालं तर झोपायच्या आत मिटवायचं, असे त्या राज्याचे कायदे होते. त्या राज्यात एक माणूस हत्यारांची पेटी आणि स्वतःची आई घेऊन राहायला आला.

भिंगरी त्याच्याशी वाईट वागत नसे. वागली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ती त्याच्याशी पाहुण्याशी वागावं तशी वागायची. तो समोर बसलेला असताना म्हणायची, "आई, त्यांना मीठ हवंय." त्याला हाक मारायची वेळ आलीच तर जवळ येऊन गप्प उभी राहायची, त्याचं लक्ष जाईपर्यंत.

"लग्नात मला नवी सून मिळाली, पण नातीची अजून मंजुरी यायचीय," असं त्याची आई म्हणायची.

सहलीचं त्यानंच काढलं. समुद्राकाठचं जुनं गाव होतं, भोवती काळ्या दगडाची तटबंदी, आत दोन माणसं शेजारून जेमतेम जातील अशा गल्ल्या. तटावर गंजलेल्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसलेल्या. ज्या जहाजांची वाट पाहत होत्या ती केव्हाच इतिहासजमा झाली होती. गावाच्या टोकाला एक उंच टेहळणी मनोरा होता. राहायची खोली एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाऱ्या हवेनं तिथलं सगळं फुगलेलं. कपाट लागायचं नाही आणि न्हाणीघराचं दार एकदा लागलं की उघडायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यानं पेटीतून पटाशी काढून दार तासलं.

"सुट्टीलासुद्धा पेटी आणलीत?" बायकोनं विचारलं.

"छोटी आणलीय," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मनोरा बघायला गेले. मनोऱ्याच्या पायथ्याशी मोकळं पटांगण होतं, माणसांची बरीच वर्दळ होती. त्याच्या आईनं सावलीतला एक दगड पकडला आणि जाहीर केलं, "माझे गुडघे इथपर्यंतच आलेत. पुढचं तुम्ही बघा आणि मला सांगा." बायकोनं एका प्रवासी बाईला फोटो काढायची विनंती केली. बाई हौशी निघाली. याला सरकव, त्याला वाकव, असं करत ती भिंगरीला म्हणाली, "अगं, एवढी लांब का? बाबांना चिकटून उभी राहा की!"

"ते माझे बाबा नाहीयेत," भिंगरी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. पटांगणातल्या पाचपन्नास लोकांना ऐकू गेलं असेल. मग ती वळली आणि तडक मनोऱ्याच्या दारातून आत शिरली.

फोटोवाल्या बाईचा चेहरा पडला. तो तिला म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. आमचं काम अजून चालू आहे." बायको मात्र लालबुंद झाली होती. "थांबा, मी बघते तिला," म्हणत ती मुलीच्या मागे गेली.

मनोरा आतून पोकळ होता. दगडी जिना भिंतीला धरून गोल गोल वर चढत होता. भिंतीच्या बाजूला एक लोखंडी साखळी होती, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. मध्ये विहिरीसारखी मोकळी पोकळी. रागात माणसाला यातलं काही दिसत नाही. आई धापा टाकत वर चढली आणि अगदी वरच्या खिडकीपाशी तिनं लेकीला गाठलं.

"लाज नाही वाटली? एवढ्या लोकांत?"

"खोटं बोलले का मी?"

"प्रश्न खऱ्याखोट्याचा नाहीये! तो माणूस तुझ्यासाठी किती करतो. आणि मी तुला विचारलं होतं, भिंगरी. लग्नाआधी विचारलं होतं."

"विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस," भिंगरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "विचारल्यासारखं करून सांगितलं होतंस."

खिडकीतून वारा आत घुसत होता. भिंगरीनं बाहीला डोळे पुसले आणि ती भराभरा खाली उतरायला लागली. वळणापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, मागून पावलं वाजत नाहीयेत. तिनं वर पाहिलं. आई दोन-चार पायऱ्या उतरून खाली बसली होती. दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरलेली, खांदा भिंतीला चिकटवलेला, नजर मात्र मधल्या पोकळीत अडकलेली.

"आई? चल ना."

आईनं नकारार्थी मान हलवली. तेवढ्या हलण्यानंसुद्धा तिनं डोळे घट्ट मिटले. "मला येत नाहीये," ती पुटपुटली. "पाय हलतच नाहीयेत गं."

भिंगरी परत वर गेली, आईचा हात धरून ओढला, तशी आई किंचाळली. भिंगरीनं हात सोडून दिला. आई घाबरते हे तिला माहीतच नव्हतं. झुरळ आई मारायची. दिवे गेले की आई मेणबत्ती शोधायची. बाबा गेले तेव्हाही आई तिच्यासमोर एकदाच रडली होती आणि मग उठून तिची वेणी घालायला लागली होती. ही जिन्यावर थरथरणारी बाई भिंगरीला अनोळखी होती.

खिडकीत जाऊन तिनं खाली पाहिलं. पटांगणात तो आपल्या आईच्या दगडाशेजारी उभा होता, मनोऱ्याच्या दाराकडे डोळे लावून. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तिथंच अडली. हाक काय मारायची? काका तिनं कधी म्हटलं नव्हतं, बाबा म्हणणार नव्हती. नाव घेऊन मोठ्या माणसाला कसं बोलवायचं? मागे आईचा श्वास जोरजोरात ऐकू येत होता. शेवटी जे तोंडात आलं ते ती जीव खाऊन ओरडली.

"अहो!"

पटांगणातल्या निम्म्या नवऱ्यांनी माना वर केल्या. एकटा तो धावला.

तो वर पोहोचला तो घामानं निथळत. पण शेवटच्या वळणावर पोहोचताच त्यानं वेग कमी केला आणि बायकोच्या खालच्या पायरीवर सहज बसल्यासारखा बसला. पोकळीच्या बाजूला बसला, म्हणजे तिला खाली बघायचं तर आधी तो दिसावा.

"छान वारा आहे इथे," तो म्हणाला.

"मी इथेच मरणार आहे," बायको डोळे न उघडता म्हणाली.

"असू दे. घाई नाहीये."

भिंगरी दबक्या आवाजात चिडली. "अहो, असं काय बोलताय? तिला सांगा ना, घाबरू नको म्हणून!"

"ते कधी सांगायचं नसतं," तोही दबक्या आवाजात म्हणाला. "लिफ्टमध्ये कोणी अडकलं की खालची माणसं ओरडतात, घाबरू नका, घाबरू नका. आतला माणूस म्हणतो, अरे देवा, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे! मी आधी विचारतो, बसायला जागा आहे का? मग विचारतो, सकाळी काय खाल्लंत? एका वकिलानं मला त्याच्या सासूबद्दल सगळं सांगितलं होतं. दार उघडलं तरी बाहेर येईना. म्हणाला, थांबा, अजून संपलं नाही."

बायकोच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. साखळी मात्र तिनं सोडली नाही.

थोडा वेळ गेला. खालून एक जोडपं चढत आलं, त्यांना त्यानं हातानंच थांबवून परत पाठवलं. मग तो भिंगरीकडे वळला. "हे बघ, माणूस शांत कसा ठेवायचा ते मला येतं. पण तुझ्या आईबरोबर मी चार महिने राहतोय आणि तू जन्मापासून. इथून पुढे तू सांग. काय केलं तर ती हलेल?"

भिंगरीला वाटलं होतं, हा आता आईला उचलेल, नाहीतर माणसं बोलावेल, आणि तिला म्हणेल, तू बाजूला हो. तो खरंच उत्तराची वाट पाहत बसला होता. ती आईकडे बघत राहिली. घामेजलेलं कपाळ, घट्ट मिटलेले डोळे, नाकावरून घसरलेला जाड भिंगांचा चष्मा.

"चष्मा," ती एकदम म्हणाली. "तिचा चष्मा काढू या! चष्म्याशिवाय तिला हातभराच्या पुढचं काही दिसत नाही. सकाळी मलाच टॉवेल समजून हात पुसते. खालचं दिसलंच नाही तर घाबरेल कशाला?"

तो थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला. "हे मला सुचलं नसतं," तो म्हणाला.

"मी टॉवेल समजते?" आईचा क्षीण आवाज आला.

"दोनदा समजलीस."

भिंगरीनं अलगद आईचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला. "आता डोळे उघड. काय दिसतंय?"

आईनं डोळे किलकिले केले. पोकळीच्या जागी करडं धुकं होतं. पायाशी एक पायरी दिसत होती, ती आणि तिच्या खालची, बस्स. "दगड दिसतोय," ती म्हणाली. "आणि यांचं टक्कल."

"तेवढं पुरे आहे," तो म्हणाला.

मग वरात निघाली. आई बसूनच एकेक पायरी घसरत होती, तो तिच्यापुढे उलटा उतरत होता आणि भिंगरी मागून आईच्या खांद्यांवर हात ठेवून. मध्येच आई थांबली. साखळीवरची पकड पुन्हा घट्ट झाली. भिंगरी पुढे वाकली. आई मान न वळवता म्हणाली, "ऐक. तू म्हणालीस ते खरं आहे. मी तुला फक्त सांगितलं होतं. विचारायला मला भीती वाटली. तू नाही म्हणाली असतीस तर?"

भिंगरीनं विचार केला. "नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तेव्हा."

तो पुढे उलट्या पावलांनी पायरी चाचपत होता. आपल्याला ऐकू आलं नाही असं त्यानं दाखवलं आणि ते त्याला मुळीच जमलं नाही.

खाली पोहोचल्यावर आई पटांगणात मातीत बसकण मारून आधी रडली आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. त्याची आई काठी टेकत आली. "काय गं पोरी," ती भिंगरीला म्हणाली, "नवऱ्याला मी चाळीस वर्षं अहो म्हटलं, पण तुझ्याइतक्या जोरात म्हटलं असतं तर म्हातारा एकदा तरी वेळेवर आला असता!" भिंगरीचे कान लाल झाले. तरीही ती हसली, आणि म्हातारीनं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला.

दुपारी सगळे मेल्यासारखे झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तटाखालच्या छोट्या पुळणीवर ते गेले. पाणी शांत होतं. सासू-सुना वाळूत चादर टाकून कलिंगडावर तुटून पडल्या. तो पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून काठाकाठानं चालत होता. भिंगरी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

"आत या ना," तिनं हाक मारली.

"मला पोहता येत नाही."

"अजिबात?"

"लिफ्टच्या कामात लागत नाही गं."

भिंगरीनं तळव्यानं पाणी उडवलं. मग म्हणाली, "माझ्या बाबांना खूप छान यायचं. ते मला शिकवत होते."

तिच्या तोंडून तिच्या वडिलांबद्दल त्यानं पहिल्यांदाच काही ऐकलं. तो जागच्या जागी थांबला. "मग शिकलीस?"

"अर्धंच. हातांचं झालं होतं. पायांचं राहिलं." तिनं हात पुढे करून पाणी बाजूला सारून दाखवलं. "असं. बोटं मिटून. ते म्हणायचे, पाण्याला मारायचं नाही, बाजूला सरक म्हणून सांगायचं."

त्यानं काठावर उभ्या उभ्या हवेतच तसं करून पाहिलं.

"तिथे नाही जमणार. आत या. कपडे भिजू देत," ती म्हणाली. "आणि पायांचं आपण कोणालातरी विचारू."

तो पाण्यात उतरला. गार पाणी पोटाला लागताच त्यानं मोठा श्वास घेतला. भिंगरीनं त्याचं मनगट धरून कोपर सरळ केलं. "बोटं मिटा. मिटा म्हणते ना! आता ढकला." तो ढकलू लागला, आणि वाळूतून त्याची आई ओरडली, "अरे, अंगावरचा तो एकुलता एक धड शर्ट आहे!"