मामाजींचा पायजमा

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. आता चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर म्हणाले. पण धोतराचा सोगा वॉकरमध्ये अडकायचा, आणि मी शिवलेला ढगळ पायजमा खुंटीवर लटकलेला.

"पायजमा मास्तरानं घालाव. आमी वावरातले मानसं." आमच्या मेडशीच्या एसटी स्टँडवर जुने दोस्त बबनराव यांच्याशेजारी बसायला मामाजींचा जीव तर तुटत होता. पण जाईन तर धोतरात.

माझी मुलगी वैभवी अमरावतीला इंग्रजी शिकते. रविवारी घरी आली, खुंटीकडे पाहून म्हणाली, "आबाजी, पायजमा हा शब्द इंग्रजीच्या डिक्शनरीत हाय."

"त्यायचाच असन मंग. वापस देऊन टाक."

"त्यायचा नाही. आपल्या इथूनच नेला त्याईनं."

शिवणक्लासचं तोंड मी पाहिलेलं नाही. जुने कपडे उसवून उसवून शिकले. पोरीनं तो शब्द तसाच उसवला. जामा म्हणजे कपडा. आणि पाय? "फारशीत बी पायाले पायच म्हनतात, आबाजी." इराणाकडून तो शब्द आपल्याकडे आला. उन्हानं हैराण झालेल्या साहेबांनी घरात पायजमे घातले, आवडले, बोटीतून घेऊन गेले. तिकडे त्याचा झोपायचा कपडा झाला.

गिऱ्हाइकाच्या पायजम्यात नाडा ओवता ओवता माझा हात थांबला. इतकी वर्षं मी पायजमे शिवले, आणि एवढा मुलूख माझ्या सुईखालून जातोय याचा मला पत्ता नव्हता!

"म्हंजे साहेब हा घालून झोपते?" मामाजींनी विचारलं.

"अजून झोपते."

"आन् आपला मास्तर हा घालून शाळेत जाते!" ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले. मग स्वतःच्या पायाकडे पाहून म्हणाले, "इरानातून निंगाला, बोटीत बसला... आन् मी स्टँडावर जाऊन नाही राह्यलो. आन वं बाई तो इकडं."

आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. नाडा त्यांनी स्वतःच बांधला.

स्टँडपर्यंत अर्धा तास लागला. वारं शिरून पायजमा फुगत होता, आणि मी मागून बघतच होते.

"काहून बे मारोत्या, मास्तर झाला काय?" बबनराव लांबूनच ओरडले.

"इंग्रज ह्याच्यात झोपते बे! मी चालून राह्यलो."

बबनरावांनी सरकून बाकावर जागा केली.