झोपेतला होकार

बाबा गेल्यावर आईने पोथी माझ्या हातात दिली. "वाच गो, मनातला राग जाईल."

राग निडी गावच्या जनीआत्यावर होता. सख्खा भाऊ, म्हणजे बाबा, आजारी असताना ती एकदाही आमच्याकडे पेणला आली नव्हती. आता तीच, बाबा पोथी ऐकायला बसायचे त्या जागी बसून प्रत्येक ओवीला होकार देत होती.

"मनातला राग धुऊन टाकावा," मी अर्थ सांगितला.

"व्हय."

मी पान उलटायला थांबले. तरी पुन्हा "व्हय" आलं. मग घोरणं, आणि घोरता घोरता आणखी एक "व्हय". थेट बाबांसारखं! आईने पदर तोंडात कोंबला.

आत्या दचकली. "हसताव काय गो? मी आयकतेय ना!"

"बाबापण हेच म्हणायचे," म्हणत मी तिच्या मांडीवर कोसळले आणि पोट दुखेपर्यंत हसले.