खिंडीतल्या बाबाच्या बाटल्या

खिंड गाठेपर्यंत सगळ्यांच्या तोंडाला फेस आला होता, पण बाबाभोवतीची गर्दी दिसताच पाय आपोआप पळू लागले. सोसायटीतून एका दिवसाच्या ट्रेकला आलेली मंडळी मुकाट रांगेत उभी राहिली. बाबा प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या वाटत होता.

"रोगाचं नाव घ्या, आत फुंका, झाकण घट्ट लावा. पर्वत रोग पिळून काढेल. पायथ्याशी बाटली आपोआप चेपली, की औषधांना रामराम."

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वहिनींनी विचारलं, "आणि नाही चेपली तर?"

"तर तुमची श्रद्धा पातळ."

"पातळ तर इथली हवा आहे," वहिनी पुटपुटल्या.

त्यांच्या नणंदेला मात्र हसू येईना. लहानपणापासून दमा तिच्या मानगुटीवर बसलेला. तिने जीव ओतून फुंकर मारली, झाकण आवळलं आणि दम्याचा पंप बाबाच्या पायाशी ठेवून मोकळी झाली. वहिनींनी नजर चुकवून तो उचलला. स्वतःही एक बाटली घेतली आणि न फुंकताच बंद केली.

उतरणीला नवल घडलं. आधी बाटल्यांची गालफडं बसली, मग त्यांचं पार चिपाड झालं. सोसायटीतले शिंपीकाका तर आपल्या बाटलीला हात जोडू लागले. नणंद आनंदाने धावत सुटली आणि पायथ्याशी मटकन खाली बसली. छातीत शिट्ट्या वाजू लागल्या.

वहिनींनी पंप तिच्या तोंडाशी धरला. "आधी ओढ. भांडू नंतर."

श्वास जागेवर आल्यावर नणंद फणकारली, "तू अविश्वास दाखवलास, म्हणून झालं हे."

वहिनींनी आपली बाटली पुढे केली. तीही चेपली होती. "यात मी काहीच फुंकलं नव्हतं."

"मग तुमचा कुठला रोग गेला?" शिंपीकाकांनी विचारलं.

"एकही नाही. वरची विरळ हवा बाटलीत कोंडली गेली. खालच्या दाट हवेने तिला बाहेरून दाबलं. हीच बाटली उघडून इथे पुन्हा बंद केली आणि वर नेली, तर फुगेल. तेव्हा बाबा म्हणेल, रोग बळावला."

मंडळी खो खो हसली. नणंद हसली नाही. तिने आपल्या बाटलीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि बाटली पुन्हा गुटगुटीत झाली.

तेवढ्यात दुसरी एक टोळी वर निघाली. नणंद उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"एक रिकामी बाटली इथेच बंद करून न्या," ती म्हणाली, "आणि ती का फुगली, ते बाबाला विचारा. औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकू नका. मी आत्ताच टाकून बघितली आहेत."