मधली रेघ

१९६१ साल. नोव्हेंबरातला तो शनिवार म्हणजे ओहायोतल्या एकाच नदीच्या दोन काठांवरच्या वेन्डल आणि मार्लो या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा दिवस. अलीकडचं वेन्डल मरून रंगाचं, पलीकडचं मार्लो हिरवं. या काठच्या मुलीचं त्या काठी लग्न ठरलं, की मध्यंतरात बापाने तिला मैदानाच्या मधल्या रेघेपर्यंत न्यायचं, तिच्या गळ्यातला आपल्या रंगाचा मफलर सोडवून घ्यायचा आणि सासूने आपल्या रंगाचा बांधायचा, ही रीत.

व्हर्नाचं मार्लोच्या लाइल प्रेविटशी ठरलं होतं. तिचे वडील क्लाइड तरुणपणी वेन्डलकडून खेळलेले. पुढचे दोन दात मार्लोवाल्यांपायीच गेलेले. मुलगा चांगला आहे हे ते कबूल करत, पण रेघेपर्यंत येईन असं काही त्यांच्या तोंडून निघेना. व्हर्नाला मात्र चर्चपेक्षा हीच चाल मोठी वाटे. चर्चमध्ये पाहुणे असतात, इथे अख्खं गाव असतं.

मध्यंतराला वेन्डल तेरा गुणांनी मागे.

“तेरा गुण दिले, आता म्हणे पोरगीही द्या,” क्लाइड पुटपुटले. मागच्या बाकावरचे हसले. ते स्वतः हसले नाहीत, उठलेही नाहीत.

व्हर्ना एकटीच निघाली. सोबत वडील दिसेनात म्हणून बँडवाले वाजवायचे थांबले. रेघेपाशी लाइलची आई आयडेला हिरवा मफलर घेऊन उभी होती. पण बापाने आधीचा सोडवल्याशिवाय तिला बांधता येईना. दोघी नुसत्याच उभ्या. पलीकडून शिट्ट्या सुरू झाल्या.

शिट्ट्या थांबल्या तेव्हा व्हर्नाने मागे पाहिलं. क्लाइड दुखरा गुडघा सांभाळत येत होते. आले, आणि बराच वेळ तिच्या मफलरच्या गाठीशी झटत राहिले.

“बाबा, उलटं ओढताय,” ती हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे मला.” मग आयडेलाकडे वळून म्हणाले, “बाई, गाठ काही सुटत नाही. तुमचा वरूनच बांधा.”

आयडेलाने गाठीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “राहू दे तर. आमच्या बाजूला वाराही फार असतो.”

वेन्डल हरलंच. पुढच्या वर्षापासून दोन्ही काठच्या बापांना गाठी सुटेनाशा झाल्या.

क्लाइड चौऱ्याऐंशी साली गेले. नातू मार्लोकडून खेळायला लागला तरी हिरव्या बाकांवर कधी बसले नाहीत, गोलच्या खांबांमागे उभे राहत. आयडेला नव्वदी ओलांडून गेली. लाइलने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तोही जाऊन आता सहा वर्षं झाली. व्हर्ना पलीकडेच राहते. दरवर्षी सामन्याच्या शनिवारी रेडिओ लावते, आणि वेन्डल हरलं की तिच्याकडे जेवायला उशीर होतो.